न गिळलेला घोट

अकराव्या पेल्यात वास होता. चहाचा नव्हे, दुसराच कसला तरी. त्याने चमचा ओठांशी नेला, नेहमीसारखा मोठा भुरका मारला, घोट जिभेवरून टाळूला आणि टाळूवरून गालफडांत फिरवला, आणि पायाने ढकलत आणलेल्या चाकांच्या पिकदाणीत थुंकला. इथपर्यंत सगळं रोजचंच. मग पुढच्या पेल्याकडे जायचं सोडून पाय तिथेच राहिला. रोज दोनशे पेले चाखणाऱ्या माणसाचा पाय असा थांबत नाही, तो घाण्याच्या बैलासारखा आपला आपण चालतो. त्याने पुन्हा घोट घेतला. होता. धुऊन नीट न वाळवता ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या कापडाला येतो तसा काहीसा. पण अगदी तसाही नाही, कारण त्या वासाला ऊब होती. कुणाच्या तरी अंगची ऊब. "बाई, हा जरा बघता का?" त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली. तिथल्या बाई चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीतून आल्या होत्या, पस्तिशीच्या होत्या, जिभेच्या तयार होत्या, आणि कचेरीत अजून नव्या बाईच होत्या. त्यांनी भुरका मारला, थुंकल्या, छताकडे बघत विचार केला. "बरा आहे की, सर. थोडा तुरट." "आणि वास?" "कसला?" "ट्रंकेतला." नव्या बाईंनी पुन्हा एक घोट घेतला, तोही त्याचं मन राखायला, आणि मान हलवली. मग बाराव्या पेल्यातही आला, तेराव्यातही आला, आणि ओळ संपेपर्यंत एकही पेला सुटला नाही. त्याने किटल्या ओतून टाकायला लावल्या. पाणी बदललं. फरशी पुसणाऱ्या बाईंच्या बादलीत वाकून नाक घातलं, तेव्हा त्या बिचाऱ्या पदर सावरत बाजूला झाल्या आणि चोरी पकडल्यासारख्या उभ्या राहिल्या. बादलीत साधं पाणी होतं.

चहासारखी भोळी वस्तू जगात दुसरी नाही. शेजारी साबण ठेवा, तो साबण होतो. रंगाचा डबा ठेवा, रंग होतो. गोदामातल्या हमालाने पोत्यावर डोकं टेकून डुलकी काढली तर त्याच्या केसांचं तेलसुद्धा ओढून घेतो आणि मग कितीही ऊन दाखवा, सोडत नाही. त्याच्यासारखी माणसं पगारावर ठेवलेली असतात ती एवढ्यासाठीच: कोण कुणाच्या शेजारी किती दिवस राहिलं, हे एका घोटात ओळखायला. त्या खोलीत उत्तरेच्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, पांढरे पेले, आणि पांढरे डगले घातलेली माणसं. अत्तर नाही, तंबाखू नाही, कांदा खाऊन यायचं नाही. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून एकामागे एक दोन दारं. आणि अशा खोलीत ज्याला दुसऱ्या कुणालाही न येणारा वास येऊ लागतो, त्याचे दिवस भरले म्हणून समजावं. गवई बेसूर झाला तर निदान लोक तोंडावर सांगतात. चाखणाऱ्याला कोण सांगणार? त्याने घोषणा काही केली नाही. पत्रकावर अकराव्या पेल्यापुढे "बरा, थोडा तुरट" असं लिहिलं आणि डगला काढून घरी गेला.

घरीदारी त्याला चाखनीस म्हणत. हे नाव सासऱ्यांनी लग्नातच ठेवलं होतं, चिटणीस-फडणिसांच्या चालीवर, आणि ते इतकं चिकटलं की ख्रिस्ती मंडळीच्या देवळातल्या वहीतसुद्धा कुणीतरी तेच लिहिलं. पण देवळात त्याचं खरं नाव झालं ते साक्षीमुळे. त्याचे वडील एका देवळाचे राखणदार. शेजारच्या घरात रेडिओ लागला की ते उठून आपली खिडकी लावून घेत, गाणं कितीही गोड असो. "नाव पाण्यात असावी, पाणी नावेत नसावं," एवढंच म्हणत आणि झाडू घेऊन पुढच्या कामाला लागत. पुढे तो या धंद्यात शिरला तेव्हा पहिल्याच दिवशी थोरल्यांनी, म्हणजे कचेरीतल्या मुख्य चाखणाऱ्यांनी, त्याला पिकदाणीसमोर उभं केलं. चारचौघांत थुंकायची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो हळूच एकेक घोट गिळत होता. थोरल्यांनी चमच्याने टेबलावर दोनदा टक्-टक् केलं. "गिळलास तर मेलास. जिभेला कळू दे, पोटाला कळू देऊ नकोस." त्या दिवशी तो घरी आला तो तरंगतच. वडील आयुष्यभर जे सांगत होते ते हेच! पुढे एका रविवारी त्याने मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली: मी जगात रोज दोनशे पेले चाखतो, पण एक घोट आत जाऊ देत नाही; विश्वासणाऱ्याने जगात असंच राहावं. मंडळी हसली, मग डोळे पुसले. म्हातारे अजूनही तिला "थुंकीची साक्ष" म्हणतात, आणि पाळकसाहेब दर दोन वर्षांनी ती उपदेशात वापरतात.

आणि याच रीतीने त्याने मुंगीला वाढवलं. मुंगी ही त्याची लेक, एकुलती. महिना भरायच्या आधी जन्मली, हातात मावेना, म्हणून मुंगी. आता सतरा वर्षांची होती आणि येत्या रविवारी तिचं दृढीकरण होतं, म्हणजे लहानपणी तिच्या वतीने दिलेलं वचन ती आता मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने देणार होती आणि पहिल्यांदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला घेणार होती. तिच्यावर त्याने कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. ती जे काही घरी आणी, ते तो आधी स्वतः बघे: गाणं आणलं तर दोन कडवी ऐके, पुस्तक आणलं तर मधलीच दहा पानं वाचे, मैत्रीण आणली तर तिच्याशी पाच मिनिटं गोड बोले. मग नाक जरासं आक्रसे आणि म्हणे, "नको." कारण विचारायची पद्धत नव्हती. कधी म्हणे, "हं, चालेल," आणि मग मुंगीचा चेहरा असा उजळे की त्यालाच अपराध्यासारखं वाटे. कशाबद्दल, ते मात्र त्याने कधी शोधलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि पुन्हा खाली ठेवला. पाण्यातही होता. त्याच्या बायकोने ताट पुढे सरकवलं, त्यावरही होता. "माठ घासला होतास का?" त्याने विचारलं. "सकाळीच घासलाय. का हो?" "काही नाही." मुंगी समोर बसून शाळेतल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगत होती, ती मैत्रीण म्हणे वर्गात उभी राहून अशी बोलली की बाईंनाही पुढे बोलवेना. मुंगी हातवारे करत होती, आणि तिचा हात त्याच्या जवळून गेला की वास दाट होत होता. निदान त्याला तसं वाटलं. म्हणजे हे घरातून येतंय. मुंगीच्या बाजूने येतंय. काहीतरी तिच्या शेजारी बरेच दिवस पडून आहे, तिने ते ओढून घेतलंय, आणि रविवारला पाच दिवस राहिलेत! त्याने चमचा उचलला, आणि मुंगीचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, "रंग आहे. अंग नाही."

बायकोने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या चमच्याकडे. "हे कोण बोललं?" तिने विचारलं. ती थट्टा करत नव्हती. तिचा चेहरा खरोखर दारात कुणी आलंय का ते बघावं तसा झाला होता. "मीच बोललो. त्या मुलीबद्दल." "तुमचा आवाज नव्हता तो." मुंगीने मान खाली घातली आणि जेवू लागली. जरा वेळाने बायको म्हणाली, "हल्ली तुम्ही बोलायच्या आधी चमच्याने दोनदा वाजवता. माहीत आहे का?" त्याला माहीत नव्हतं. त्याने चमचा ताटात ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसला, आणि तरी त्याला वाटत राहिलं की बोटं मांडीखाली हलताहेत.

थोरले जाऊन पाच महिने झाले होते. एकोणीस वर्षं तो त्यांच्या टेबलाला होता. थोरले दुष्ट होते असं कुणी म्हणणार नाही. भल्या माणसाला द्यावं तसं चार गावच्या लोकांनी त्यांना खांदा दिला. पण त्यांना एक खोड होती. चहासाठी जे शब्द, तेच ते माणसांना लावत. साहेब केबिनमधून बाहेर येऊन गेले, की चमचा दोनदा टक्-टक्, आणि "उग्र. पण टिकाव नाही." हिशेबनीस गेले की "दोनदा उकळलेला." फरशी पुसणाऱ्या बाई गेल्या की "पोकळ." आणि गंमत अशी की नेमकं बसे. ज्याच्यावर बसलं तो माणूस पुन्हा समोर आला की दुसरं काही दिसतच नसे. तो हसे. का हसू नये? तो फक्त चाखत होता, गिळत थोडाच होता. ही थोरल्यांची सवय, आपली नव्हे, असं तो मनात म्हणे, आणि पुढच्या माणसावर थोरले काय म्हणतात याची वाट बघे. मग कधी असं झालं की थोरले बोलायच्या आधीच त्याला शब्द सुचू लागला. मग देवळात, उपदेश चालू असताना, पाळकसाहेबांच्या डोक्यावर तो शब्द येऊन बसू लागला: पातळ. पहिल्या बाकावरची म्हातारी डोळे मिटून प्रार्थना करी, तिच्यावर: जुनाट. हे काही पाप नाही, नुसती पारख आहे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. शेवटच्या आजारात तो थोरल्यांना भेटायला गेला. खोलीच्या खिडक्या लावलेल्या, आणि थोरल्यांची चव पार गेलेली. औषध आणि दूध त्यांना सारखंच लागे. तासभर बसून तो उठला, दारापर्यंत गेला, आणि मागे पलंगाच्या लोखंडावर नखाने टक्-टक् झालं. "माझाच दुसरा उकाळा," थोरले भिंतीला म्हणाले. तो त्या वेळी खूश होऊन घरी आला होता. बायकोलाही सांगितलं होतं.

बुधवारी मुंगी शाळेत असताना तो अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी आला आणि तिच्या खोलीत शिरला. बायको बाजारात गेली होती. त्याने आधी खिडकी लावली, म्हणजे बाहेरचं काही मिसळायला नको, आणि मग पद्धतशीर सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, ओळीत. उशी. उशीखालचा रुमाल. वह्या एकेक उघडून, पानांच्या बेचक्यात नाक घालून. कंगवा. कपाटातल्या घड्या. दृढीकरणासाठी शिवलेला पांढरा झगा हँगरला होता. त्याच्या दोन्ही बाह्या त्याने चेहऱ्याशी धरल्या. जिथे जिथे तो वाके तिथे वास असे, आणि तो दूर झाला की जरा कमी होई, आणि पुन्हा वाकला की पुन्हा असे, जणू कुणी त्याच्या पुढे पुढे जाऊन प्रत्येक वस्तूवर फुंकर घालून ठेवत होतं. तो गुडघ्यांवर येऊन पलंगाखालची चप्पल हुंगत होता तेव्हा दारात पावलं वाजली.

"काय सापडलं?" मुंगीने विचारलं. दप्तर अजून खांद्यावर होतं.

"काही नाही," तो म्हणाला आणि उठला. गुडघे झटकले. "तू एवढ्यात कशी?"

"लवकर सोडलं. काय शोधत होता?"

"मुंगे, खरं सांग. कुणाच्या संगतीत आहेस हल्ली? काही वाचतेस? काही ऐकतेस? मी रागावणार नाही."

"तुम्ही कधीच रागावत नाही," ती म्हणाली. तिने दप्तर काढून खुर्चीला अडकवलं, उघडी कपाटं बघितली, अंथरुणावर टाकलेला झगा बघितला. रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही. "बाबा, तुम्ही माझ्याकडे बघता ना, तेव्हा मला तोंडात धरल्यासारखं वाटतं. आत घेत नाही, बाहेर टाकत नाही. मी नुसती इकडून तिकडे फिरत असते. लहान होते तेव्हा मला वाटायचं, आज चांगली लागले असेन तर गिळतील." ती कपाटं लावू लागली. "रविवारी मी उभी राहणार नाही. पाळकसाहेबांना तुम्हीच सांगा. तिथे सगळ्यांसमोर तुम्ही माझ्याकडे तसं बघाल, आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटणार नाही."

त्याला म्हणायचं होतं, अगं वेडे, तू माझा जीव आहेस. हे म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या उजव्या हाताचं नख कपाटाच्या दारावर दोनदा वाजलं. टक्-टक्. त्याने तोंड मिटलं. जो शब्द येऊ घातला होता तो त्याला दातांच्या आत स्पष्ट ऐकू आला. पोकळ. मुंगीही त्याच्या ओठांकडे बघत होती, आणि तिला तो ऐकू गेला की काय कोण जाणे. तिने शांतपणे झगा उचलून हँगरला लावला आणि खिडकी उघडली.

गुरुवारी त्याने कचेरीत काय केलं ते त्याने कुणालाही सांगितलं नसतं. वासापुढे चव कळेना, म्हणून पेल्यापुढे उभं राहून नुसता भुरका मारायचा, थुंकायचं, आणि पत्रकावर लिहायचं. आणि शब्द येत होते! न अडखळता, ओळीमागून ओळ: तेज आहे, शेवट नाही. अंग बरं, मन नाही. दुपारी त्याने पत्रक हातात धरलं तेव्हा त्याला दिसलं की अक्षर उजवीकडे झुकलंय. त्याचं अक्षर सरळ होतं. झुकलेलं थोरल्यांचं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फरशी पुसणाऱ्या बाई बादली घेऊन गेल्या, आणि त्यांची पाठ वळताच टक्-टक् असा आवाज झाला. त्याने दचकून आपला हात बघितला. हात खिशात होता. नव्या बाई चमचा हातात धरून मिश्कील हसत होत्या. "पोकळ," त्या म्हणाल्या, "नाही का, सर?" थोरल्यांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. तो हसला. हसू आपसूक आलं, उचकी यावी तसं, आणि त्या हसण्याबरोबर वास एवढा आला की त्याला टेबलाला धरावं लागलं. मग तो हात धुवायच्या जागी गेला, दाराला कडी लावली, तळहाताची ओंजळ केली, तीत आपला श्वास सोडला आणि हुंगला. कापडाचा, ट्रंकेचा, उबेचा. तिथूनच येत होता. पाण्यात नव्हता, माठात नव्हता, पोरीच्या झग्यात तर नव्हताच. पाणी नावेत कधीचं भरलं होतं आणि तो काठावर उभा राहून दुसऱ्यांच्या नावा तपासत होता. तो भ्याला, अगदी लहान मुलासारखा भ्याला.

शनिवारी त्याने पाळकसाहेबांना फोन केला. सांगायच्या दोन गोष्टी होत्या: मुंगी उभी राहायला नाही म्हणते, आणि मी प्याला घेण्याच्या लायकीचा नाही. पहिली ऐकून पाळकसाहेब हसले. "अहो, आदल्या दिवशी सगळीच नाही म्हणतात. आणा तुम्ही तिला. आणि बरं झालं फोन केलात, उद्या प्रभुभोजनानंतर मुलांना दोन शब्द तुम्हीच सांगा. ती आपली साक्ष. आजकाल चहूकडून काय काय येऊन आदळतं पोरांवर, त्यांना हे ऐकायलाच हवं." दुसरी गोष्ट सांगायची राहून गेली. मागे वळला तर मुंगी उभी होती. "तू येऊ नकोस," तो म्हणाला. "मी तुला भरीला घालणार नाही." "तुम्ही बोलणार आहात?" "त्यांनी सांगितलंय." "मग मी येते," ती म्हणाली.

रविवारी देऊळ भरलं होतं. पांढऱ्या कपड्यांतली सात मुलं पहिल्या बाकावर होती, मुंगी कडेला. विचारलेल्या प्रश्नांना तिने उत्तरं दिली, हळू पण स्पष्ट, आणि तेवढा वेळ तो आपल्या बुटांकडे बघत बसला, तिला त्याची नजर लागू नये म्हणून. मग मंडळी ओळीने पुढे जाऊ लागली. तो बायकोच्या मागोमाग गेला आणि लाकडी कठड्याशी गुडघे टेकले. भाकरीचा तुकडा जिभेवर विरघळला. मग प्याला आला, गार धातू ओठांना लागला, आणि त्या निःशब्द देवळात मोठ्याने भुरका वाजला.

मागे कुणीतरी श्वास आत ओढला. बायकोने खालच्या खाली त्याचा कोट धरला. त्याचं कशाकडे लक्ष नव्हतं. घोट जिभेवरून टाळूला आणि टाळूवरून गालफडांत फिरत होता, एकोणीस वर्षं फिरला तसा, आणि त्यातही तो वास होता, सगळा, आणि आता घसा बंद झाला होता. त्याने गिळायचा प्रयत्न केला. घसा भिंतीसारखा उभा. पाय आपोआप उजवीकडे सरकला, पिकदाणी शोधत. प्याला पुढच्या माणसाकडे गेला. तो उठला, गालांत घोट धरून जागेवर येऊन बसला, आणि मनात प्रार्थना करू लागला, पण प्रार्थनेच्या मधेच झुकल्या अक्षरातले शब्द येत होते. आंबट. पातळ. शेवट नाही. देवाच्या प्याल्यावर तो शेरा मारत होता, आणि थांबवता येत नव्हतं. गीत झालं, तो गायला नाही. आशीर्वाद झाला, तो आमेन म्हणाला नाही. बायकोने हळूच विचारलं, "बरं नाही का वाटत?" त्याने मान हलवली. तेवढ्यात पाळकसाहेबांचा आवाज आला. "आता आपले चाखनीसभाऊ मुलांना दोन शब्द सांगतील."

तो गेला. न जाणं कसं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. लाकडी मेजापाशी उभा राहिला, समोर सात मुलं, त्यांच्यामागे दोनशे माणसं. लोक वाट बघत होते. म्हातारे आधीच हसायच्या तयारीत होते, कारण साक्ष त्यांना पाठ होती. त्याचे गाल किंचित फुगले होते. मेजावर त्याचं नख वाजलं, दोनदा, आणि शांत देवळात ते फार दूरपर्यंत ऐकू गेलं. मग काहीच झालं नाही. एक मिनिट गेलं असेल. कुणीतरी खाकरलं. पाळकसाहेब अर्धे उठले. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला, आणि त्याने पहिल्यांदाच मान वर करून मुंगीकडे बघितलं.

ती बाकावरून उठली. पांढरा झगा सावरत तिने मधलं अंतर पार केलं, त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, आणि आपला उघडा तळहात त्याच्या हनुवटीखाली धरला. आजारी पोरासमोर आई धरते तसा. "टाका, बाबा," ती हळू म्हणाली. "माझ्या हातात टाका. काही होत नाही."

त्याने तो तळहात बघितला. लहान होता, रेषा अजून कोवळ्या होत्या, आणि तो त्यात काय टाकणार आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि गिळलं. घसा फाटावा तसं दुखलं. सगळं खाली गेलं, प्याला, वास, टक्-टक्, सगळं एकदम, आणि खाली जाताना कुठेही अडलं नाही. तो खोकला. डोळ्यांतून पाणी आलं. वास होताच, गेला नव्हता. "गेलं?" मुंगीने विचारलं. त्याने मान डोलावली. "मग बोला." तो तोंड उघडून उभा राहिला, आणि मागून, अगदी कानाशी, एक शब्द येऊन थांबला, दारात परका माणूस येऊन थांबतो तसा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं की हा आवाज आपला नाही. त्याने तो शब्द उच्चारला नाही. पण दुसरं काही बोलायला त्याच्याजवळ नव्हतं. आत चाचपून बघितलं, तिथे आपलं असं काही सापडेना.

"मला काही येत नाही," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पडक्या विहिरीतून आल्यासारखा, आणि तो कुणाचा आहे हे त्यालाही सांगता आलं नसतं. "मुंगे, मला काहीच येत नाही सांगता."

मंडळीत कुणी हसलं नाही. मुंगीने हनुवटीखालचा हात काढून त्याचं मनगट धरलं, त्याला पहिल्या बाकाकडे नेलं, पांढऱ्या कपड्यांतल्या मुलांना जरा सरकायला सांगितलं, आणि आपल्या जागेवर त्याला बसवून ती शेजारी उभी राहिली.